आमची वाटचाल : मोटार कुठपर्यंत खोलायची

जालन्याला आमचं सबमर्सिबल पंपांचं छोटं वर्कशॉप आहे, सुरुवातीला नुसतं रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायचं काम करायचो. 2012-13 च्या दुष्काळात अंबड, घनसावंगीकडं मोसंबीच्या बागा वाळायला लागल्या, बोरला जे काय घोटभर पाणी होतं तेही मोटार जळाली की बंद, आणि माणूस दारात उभा राहून विचारायचा, भाऊ आजच देता का. मग अदलाबदली सुरू केली, जुना पंप द्या, तेवढ्याच एचपीचा आम्ही तयार केलेला लगेच न्या, वरचा फरक भरा.

यात गोम अशी की आलेला पंप आता आपला झाला, त्याच्यावर किती वेळ घालवायचा ते आपणच ठरवायचं. पोरांना सवय, पंप आला की सगळा खोलून टेबलावर मांडायचा. म्हणलं थांबा, आधी पाना नाही, मेगर लावा, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. तोही केबलचा जॉइंट तोडून, कारण बऱ्याचदा मोटार चांगली असती आणि जॉइंटच गेलेला असतो. मग मोटारीतलं पाणी काढून बघायचं, काळं आणि जळका वास म्हणजे वाइंडिंग, आतली तांब्याची तार, गेली. शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, हातानी फिरवायचा, वरखाली किती हलतो ते बघायचं, त्यावरून दांड्याचा भार झेलणारा थ्रस्ट पॅड किती झिजलाय ते कळतं. इतकं झालं की कुठपर्यंत खोलायचं ते ठरतं. बेअरिंगची बाजू चांगली असंल तर तिला हातच लावायचा नाही. रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) घासून स्टेटरच्या (त्याच्याभोवतीचा स्थिर भाग) स्टॅम्पिंग, म्हणजे लोखंडी पातळ पत्र्या, एकमेकांना चिकटल्या असतील तर तो स्टेटर दुरुस्त करण्यात अर्थ नाही, तांबं काढा आणि लोखंड भंगारात द्या, जालन्यात सळईच्या भट्ट्या आहेत, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

तांबं काढताना वाइंडिंग जाळायचं नाही, तार ओढूनच काढायची. जाळलं की तांबं काळं पडतं, भाव कमी येतो, धूर वेगळाच, आणि स्टेटर परत वापरायचा असंल तर स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन जातं, मग मोटार जास्त तापती. मेहनत लई लागती हे खरं.

पंपाच्या बाजूला तर वेगळीच कटकट, आमच्याकडच्या पाण्यात क्षार, त्यानं इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पंखे, बाऊलला, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या वाट्यांना, धरून बसतात. ठोकलं की तडकतात, म्हणून सौम्य ॲसिडच्या पाण्यात भिजत ठेवायचे. स्टड, म्हणजे जोडणीचा लांब बोल्ट, गंजून अडकला तर सरळ कापायचा, स्टडपायी हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, हातोडा मारणं मला पटत नाही. आणि इंपेलर-बाऊलच्या जोड्यांवर काढतानाच नंबर टाकायचे, त्या एकमेकांसोबत घासून बसलेल्या असतात, मिसळल्या की प्रेशर कमी मिळतं आणि मग शेतकरी परत दारात.

आता शेतात सोलर पंप वाढलेत, केंद्राच्या कुसुम योजनेतले बी आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले बी. पाच वर्षांची वॉरंटी असल्यामुळं आमच्याकडं फारसे येत नाहीत अजून. काहींच्या रोटरला मॅग्नेट असतं, हातानी ओढायला गेलं तर रोटर स्टेटरला जाऊन चिकटतो, बोटं सापडतात. त्याच्यासाठी लेथवाल्याकडं पुलर, म्हणजे रोटर सरळ ओढून काढायचं अवजार, बनवायला टाकलाय, वॉरंटी संपलेला माल यायच्या आत तो हातात पाहिजे.