सुंदर नर्सरीतली दुपार

दिल्लीतली कामं आटोपून आज सुंदर नर्सरी गाठली. हुमायूनच्या मकबऱ्याला अगदी खेटून. नव्या राजधानीसाठी झाडं वाढवायला इंग्रजांनी केलेली ही रोपवाटिका पुढे पार दुर्लक्षित झाली, सोळाव्या शतकातल्या वास्तूही झाडोऱ्यात तशाच पडून. आगाखान ट्रस्टने अनेक वर्षं खपून २०१८ साली ९० एकरांची बाग खुली केली.

इथल्या सुंदरवाला बुर्ज या जुन्या मकबऱ्याचं नक्षीदार छत बघून मान अवघडली! पण मला जास्त भावला तो दिल्लीच्या जमिनींचा भाग: कोही (डोंगराळ), बांगर (नदीपासून दूरची गाळाची), खादर (नदीकाठची), डाबर (पाणथळ), ज्या त्या मातीतली झाडं. नुसती हिरवळ अंथरून मोकळे झाले नाहीत, हे बरं केलं. तिकीट मात्र खटकलं. सार्वजनिक बागेला कशाला? पण देखभालीला पैसा लागतोच म्हणा.