करा नव्हे, होऊ द्या

शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या अंकासाठी चार ओळी लिहून पाठव, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मला शाळेची इमारत आठवली नाही, घंटाही आठवली नाही. आठवला तो कापलेला एक गुण. त्या एका गुणाने माझं बक्षीस गेलं होतं.

१९७२ साली मी पाचवीत बोर्डिंगला आलो. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि आपलं एक पोर तरी दोन वेळा जेवेल, एवढ्याच हिशेबाने त्यांनी मला नगरला आणून सोडलं. जेवायला मिलोची भाकरी असे. ज्यांनी ती लाल ज्वारी खाल्ली आहे त्यांना जास्त सांगायला नको. मधल्या सुट्टीत सुकडी मिळायची, तिच्यासाठी मात्र आम्ही रांगेत भांडायचो.

संध्याकाळी प्रार्थनेला पेटी निघायची आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं सुरू व्हायची. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर टिळक आमच्या नगरलाच राहायला आले, त्यामुळे ते आम्हाला गावातलेच कोणी वाटत. मराठीचे सर वारकरी घरातले, कपाळाला बुक्का लावणारे. तेही कधी कधी घरी जाता जाता दाराशी थांबून ऐकायचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. सर त्या पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभे राहून ऐकत असावेत, असं मला आता वाटतं.

सातवीत बायबलमधल्या वचनांच्या पाठांतराची स्पर्धा होती. परीक्षक म्हणून मुद्दाम या सरांनाच बसवलं होतं, म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या कोणाच्या मुलाला झुकतं माप नको! मला रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय होता. मी घडाघडा म्हटला आणि दुसऱ्याच वचनात घसरलो. ‘आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर करा,’ असं म्हणून पुढे गेलो. मूळ वचनात ‘होऊ द्या’ आहे. सरांनी एक गुण कापला. पहिला नंबर माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाला गेला आणि बक्षिसाचं फौंटनपेनही.

मी रडत त्यांच्याकडे गेलो. अर्थ तर तोच झाला ना, म्हणालो. सर म्हणाले, “कसा तोच? ‘करा’ म्हटलं की काम तुझं. ‘होऊ द्या’ म्हटलं की काम दुसऱ्या कोणाचं, तू फक्त आडवं यायचं नाहीस.” मला ते काही पटलं नाही. पुढे दोन वर्षं मी त्यांच्यावर राग धरला.

त्यानंतर आयटीआय, मग पिंपरीत टर्नर म्हणून नोकरी, लग्न, दोन मुली. सगळं मीच केलं होतं, निदान माझा समज तसा होता. चर्चला जात होतो, वर्गणी देत होतो. १९९८ मध्ये कंपनीला टाळं लागलं. घरी सांगायची लाज वाटली. पाच आठवडे मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि पिंपरी स्टेशनच्या बाकावर बसून लोणावळ्याच्या लोकल मोजायचो. प्रार्थनाही करायचो, पण ती एकच: देवा, कंपनी उघड. युनियनचं निवेदन असावं तशी. त्याने काय करायचं, कधीपर्यंत करायचं, सगळं मीच ठरवून दिलेलं.

एका दुपारी डबा उघडला आणि काही कारण नसताना सरांचा आवाज आठवला. तू फक्त आडवं यायचं नाहीस. त्या दिवशी कंपनी उघडण्याबद्दल मी काही मागितलं नाही. ‘तूच बघ’ एवढंच म्हणालो आणि भरलेला डबा घेऊन घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं. ती नोकरी गेल्यावर चिडली नाही, पाच आठवड्यांच्या खोट्यावर चिडली. दोन दिवस बोलली नाही. चमत्कार वगैरे झाला असं कोणी समजू नये.

पुढे भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर काम मिळालं. तिथे संगणकावर चालणारं सीएनसी मशीन होतं आणि ते चालवणारा पोरगा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. जुना मी असतो तर पहिल्याच दिवशी हत्यारं गोळा करून निघालो असतो. मी वही काढली आणि त्याच्याकडून शिकलो. आशा म्हणजे मला आधी पगाराची तारीख वाटायची. त्या वहीची पानं भरताना ती माझ्यासाठी वेगळी झाली, एवढं मला सांगता येतं.

नंतर एका प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी याच वचनावर बोलताना सांगितलं, की मूळ ग्रीकमध्ये ते क्रियापद कर्मणी आहे आणि एकदा होऊन संपणाऱ्या नव्हे, तर चालू राहणाऱ्या क्रियेचं आहे. रोज होऊ द्यायचं. मी मागच्या बाकावर बसून मनात सरांना पूर्ण मार्क दिले.

निवृत्तीनंतर सरांना भेटायला गेलो होतो. वय झालेलं, पण बुक्का तसाच. सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, “मी तुला व्याकरण शिकवलं रे. देव तुझा तू जोडलास.” मग जरा थांबून विचारलं, “त्याच वचनात ‘समरूप होऊ नका’ आहे ना? समरूप, समास कोणता?”

मी कर्मधारय म्हणालो.

“बहुव्रीही,” ते म्हणाले. “कापला गुण.”