हॅडिक्सची मॅच: हरवलेला एक तृतीयांश सापडला!!

मंडळी, सापडला! मी जुन्या बेसबॉल मॅचेस स्कोअरशीटवर परत लिहून काढतो, त्यात गेले तीन रविवार ज्याने माझं डोकं खाल्लं तो एक आउट काल रात्री साडेबाराला सापडला, घरात सगळे झोपलेले म्हणून ओरडताही आलं नाही, मग डब्यातल्या उरलेल्या दोन चकल्या खाऊन एकट्यानेच सेलिब्रेट केलं.

मर्कल (१९०८, सेकंड बेसला पाय न लावणारा रनर) आणि गेडेल (१९५१, अगदी बुटका बॅटर) झाल्यावर माझ्या 'अजब मॅचेस'मधली तिसरी शीट घेतली होती ती पायरेट्सचा पिचर हार्वी हॅडिक्सची. २६ मे १९५९, मिलवॉकी काउंटी स्टेडियम, पायरेट्स विरुद्ध ब्रेव्ह्ज. सुरुवातच खराब. माझ्या शीटला दहा इनिंगचे कॉलम, इथे लागतात तेरा, म्हणून दोन शीट मागून टेपने जोडल्या आणि मग लक्षात आलं की झेरॉक्सवाल्याने दुसरी 'फिट टू पेज' मारून दिलीय, त्यामुळे अकराव्या इनिंगपासून सगळे डायमंड (फर्स्ट, सेकंड, थर्ड, होम या चार बेसचे छापील चौकोन; रनर फिरून होमला म्हणजे घरी पोचला की रन) बारके. असो, तशीच भरली.

पण काय मजा आली राव! ब्रेव्ह्जच्या बाजूला बारा इनिंग पेन्सिलीने एकही बेसची रेघ ओढायची नाही. छत्तीस चौकोन, छत्तीस आउट. हँक अ‍ॅरन चार वेळा आला, एडी मॅथ्यूज चार वेळा आला, डायमंड कोरेच्या कोरे. आणि हॅडिक्स पठ्ठ्याला त्या दिवशी फ्लू होता. शेजारच्या पानावर ब्रेव्ह्जचा पिचर लू बर्डेट, त्याने दिलेले बारा हिट्स, नुसता चिखल, पण वॉक (चार बॉल खराब पडले की फुकट मिळणारा फर्स्ट बेस) एकही नाही आणि रनही एकही नाही. तिसऱ्या इनिंगमध्ये पायरेट्सनी तीन सिंगल्स (एका बेसचे हिट) मारले तरी शून्य, कारण मेहियास फर्स्टवरून थेट थर्डला पळायला गेला आणि मेला. तो चौकोन भरताना मलाच राग आला.

आता तेरावी. मँटिया, थर्ड बेसमन होकच्या खराब थ्रोवर सेफ, ई-५ (शीटवर थर्ड बेसमनची चूक), एकही बॅटर बेसवर न पोचण्याचा परफेक्ट गेम गेला. मॅथ्यूजचा सॅक बंट (स्वतः आउट होऊन रनरला पुढे सरकवणारा हळू फटका), एक आउट, मँटिया सेकंडवर. अ‍ॅरनला मुद्दाम वॉक. मग जो अ‍ॅडकॉकने बॉल राइट-सेंटरच्या कुंपणापलीकडे घातला. होमरन, बेसवरचे दोघे आणि तो मिळून तीन रन, मॅच खतम, बरोबर? नाही ना! अ‍ॅरनला वाटलं बॉल आतच पडलाय, मँटिया घरी पोचला की झालं, म्हणून तो सेकंडला पाय लावून सरळ मैदानातून डगआउटकडे निघाला. अ‍ॅडकॉक मागून पळत आला आणि त्याच्या पुढे गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की मागचा आउट. अंपायरनी त्या रात्री २-० दिलं, दुसऱ्या दिवशी नॅशनल लीगचे प्रेसिडेंट वॉरन जाइल्स म्हणाले हा होमरन नाही, डबल (दोन बेसचा हिट) आहे, स्कोअर १-०. जिंकणारा रनर जेवढे बेस पुढे गेला तेवढाच हिट मोजायचा हा तो नियम, मँटिया सेकंडवरून घरी म्हणजे दोन बेस, म्हणून डबल. आपल्याला हे नवीन नाही, दांबुलाला २०१० मध्ये सेहवाग ९९ वर आणि जिंकायला एक रन, रणदिवने नो बॉल टाकला, वीरूने सिक्स मारला पण मॅच नो बॉललाच संपलेली, हा ९९ नॉट आउट. तेच दुखणं.

म्हणून मी पण तसाच विचार केला. मँटिया घरी आला तिथे मॅच संपली, त्यानंतर अ‍ॅडकॉक आउट झाला काय नि घरी जाऊन जेवला काय. डबल लिहिला, आउट नाही लिहिला. बेरीज केली तर हॅडिक्स १२.१ इनिंग, म्हणजे बारा इनिंग आणि एक आउट (इनिंगला तीन आउट, म्हणून एक आउट म्हणजे एक तृतीयांश). बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या छापील तक्त्यात) १२.२!! आधी वाटलं मीच कुठे तरी आउट खाल्ला, छत्तीस परत मोजले, तीनदा मोजले, बरोबर. मग बॉक्स स्कोअरलाच शिव्या घातल्या. खोडून खोडून अ‍ॅडकॉकचा चौकोन फाटला, मागून स्टिकर लावला. (नेहमीचा पांढरा खोडरबर बाद, चित्रकलेवाल्यांचा मळता येतो तो मऊ रबर घ्या, कागद सोलत नाही. आणि पेन्सिल एचबीच, २बी हाताला लागून सगळं पान काळं करते.)

काल ब्रश करताना ट्यूब पेटली. अ‍ॅडकॉकचा आउट काढून टाकला तर कुंपणापलीकडे गेलेला बॉल होमरनच राहतो, आणि स्कोअर होतो ३-०. तो आउट आहे *म्हणूनच* तो डबल आहे! दोन्ही एकाच चौकोनात हवेत. मॅथ्यूज एक, अ‍ॅडकॉक दोन, १२.२, जुळलं. आता काढलाय असा: होम ते सेकंड गडद रेघ, पुढे थर्डकडे अर्धी तुटक, तिच्यावर फुली, कोपऱ्यात गोलात २. अ‍ॅरन सेकंडवर थांबवला, त्याचा रन नाही. समासात त्या रात्रीचा २-० लाल पेनने लिहून काट मारलीय.

१९९१ मध्ये व्याख्या बदलून ही मॅच नो-हिटरच्या (एकही हिट न दिलेल्या मॅचेसच्या) यादीतून काढली, तेराव्यात हिट गेला म्हणून. नियम कळतो, पटत नाही. माझ्या शीटवर वर शाईने 'परफेक्ट १२' लिहिलंय, या मला खोडायला.

पुढची पॉटकेट-रोचेस्टर घेणार होतो, १९८१ ची ३३ इनिंगवाली, त्यासाठी चार शीट जोडायच्या होत्या. पण हे टाइप करता करता सुचलं, मर्कलने सेकंडला पाय लावला नाही, अ‍ॅरन सेकंडवरून वळला, म्हणजे ही आपोआप 'बेसची भानगड' मालिका झालीच आहे की! मग पुढची पाइन टार. २४ जुलै १९८३, कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटचा होमरन बॅटवरच्या डांबरामुळे (पाइन टार) रद्द, मग लीगने तो परत दिला, आणि १८ ऑगस्टला उरलेली मॅच खेळताना यांकीजच्या मॅनेजर बिली मार्टिनने अपील केलं की ब्रेटने बेसला पाय लावलेच नव्हते. तर अंपायरकडे आधीच्या अंपायरांचं नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट तयार! त्यात मार्टिनने पिचर गिड्रीला सेंटर फील्डला आणि डावखुऱ्या मॅटिंग्लीला सेकंड बेसला उभं केलं, म्हणजे शीटवरच्या फील्डिंग नंबरांत १ चा ८ आणि ३ चा ४. हे सबस्टिट्यूशन वेगळ्या शाईने लिहू की मध्ये जाड उभी रेघ मारू, कुणी केलं असेल तर सांगा. पॉटकेट पावसाळ्यात.

उद्या आधी झेरॉक्सवाल्याकडे जातो, वीस शीट, शंभर टक्क्यावर, समोर उभं राहून.