बीकनची वेळ

पहाटे ५.५२ ला आमच्या शोध-बचाव केंद्राच्या स्क्रीनवर ४०६ मेगाहर्ट्झचा इशारा उमटला, म्हणजे संकटात उपग्रहाला संदेश देणारं कुठल्यातरी बोटीचं बीकन सुरू झालं होतं. माझी रात्रपाळी संपत आली होती. नोंदणी काढली तर मासेमारीची ट्रॉलर निघाली. मालकाला झोपेतून उठवलं, तो म्हणाला पाच माणसं आहेत. रेडिओच्या चॅनेल १६ वर, म्हणजे संकटासाठीच्या चॅनेलवर, तीनदा हाक मारली, कुणी ओ दिली नाही. बीकनमध्ये जीपीएस होतं, त्यामुळे जागा नेमकी कळत होती. हेलिकॉप्टर पाठवलं आणि लॉगमध्ये लिहिलं : अपघाताची वेळ ०५५२.

ती ओळ मी लिहायला नको होती.

७.२० ला तराफा सापडला. त्यात चौघं होते, जिवंत. केंद्रात कुणीतरी टाळीही वाजवली. पाचवा माणूस जवळपासच असणार असं धरून बीकनच्या जागेभोवती चौकोन वाढवत शोध सुरू ठेवला. वारा-प्रवाहाचं गणित केलं होतंच. तराफ्याला वारा ढकलतो, तर पाण्यातल्या माणसाचं फक्त डोकं वर असल्याने तो मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो. म्हणून तराफ्याची आणि माणसाची दिशा वेगळी धरावी लागते. पण गणित किती वेळाचं करायचं? मी ०५५२ पासून धरलं होतं.

८.४० ला हॉस्पिटलमधून त्या चौघांशी फोनवर बोलता आलं. जाळं तळाशी अडकलं, विंचने ओढताना बोट एका अंगावर गेली, डेकवर पाणी भरलं आणि ती उलटली. लाइफ जॅकेट केबिनमध्येच होती. (जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही, हे प्रत्येक बोटीवर ऐकायला मिळतं.) पाचवा विंचपाशी उभा होता, तो त्याच क्षणी वाहून गेला. बाकीचे बोटीच्या तळावर चढून बसले.

"बसले म्हणजे? किती वेळ?"

एक म्हणाला अर्धा तास, दुसरा म्हणाला तीन तास. मग त्यांच्यातल्या वयस्कर खलाशाने फोन घेतला. "साहेब, उलटली तेव्हा काळोख होता. उजाडलं ते आम्ही तळावर असताना."

माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं.

बीकन पाण्याखाली दीड ते चार मीटर गेलं की दाबाने खटका सुटतो आणि ते वर येतं. पण उलटलेली बोट लगेच बुडत नाही, आत कोंडलेल्या हवेवर तरंगते. बीकन सुटलं तरी डेकखाली, दोरखंडांत अडकून राहतं आणि तिथून उपग्रहाला काही ऐकू जात नाही. ०५५२ ही बोट बुडाल्याची वेळ होती. त्या भागातल्या दुसऱ्या एका तांडेलाला विचारलं. त्याचं या बोटीशी शेवटचं बोलणं ३.४० ला झालं होतं, 'जाळं अडकलंय' एवढंच. म्हणजे दोन तासांहून जास्त फरक. त्यातही बोट अडकलेल्या जाळ्याच्या वायरला बांधल्यासारखी तिथंच राहिली होती. माणूस मात्र ओहोटीबरोबर ताशी दीड समुद्री मैलाने चालला होता. आम्ही शोध सुरू केला तेव्हाच तो तीन मैल पुढे गेलेला होता.

नवा चौकोन आखला. हेलिकॉप्टरच्या जोडीला दोन गस्ती नौका आल्या, आजूबाजूच्या सात ट्रॉलरनी जाळी वर घेऊन रांग धरली. लाटांमध्ये माणसाचं डोकं शंभर-दोनशे मीटरवरूनही निसटतं. पाणी १४ अंश होतं. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोध चालला, मग स्थगित केला. आमच्याकडे 'बंद' हा शब्द वापरत नाहीत.

त्याच्या भावाला मीच फोन केला. "पट्टीचा पोहणारा होता तो, साहेब." थंड पाण्यात वीस-तीस मिनिटांत हातपाय चालेनासे होतात, हे मला त्याला सांगवलं नाही. त्याने विचारलं, "सगळीकडे बघितलंत ना?" मी म्हणालो, "हो." मग म्हणालो, "पण सुरुवातीला चुकीच्या ठिकाणी." तो बराच वेळ काही बोलला नाही. फोन ठेवलाही नाही.

आठवड्याने चौकशीत तो वयस्कर खलाशी भेटला. बाहेर बाकावर शेजारी येऊन बसला. "हेलिकॉप्टरात चढल्या चढल्या मी सांगितलं असतं तर?"

"तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं," मी म्हणालो.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "थंडी वाजतेय का, म्हणून."