आयफेल या आडनावाची कुळकथा

आज सुट्टीचा बहुतेक सगळा वेळ फ्रेंच आडनावांविषयी वाचण्यात गेला आणि त्यातही मन अधिक रमले ते आयफेल या दुर्मीळ आडनावापाशी. मनोऱ्यामुळे जगाला पाठ झालेले हे नाव मुळात फ्रेंच नाहीच. जर्मनीतील कोलोन शहराच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या आयफेल या डोंगराळ प्रदेशातील मार्मागेन गावचे बोनिकहाउझेन घराणे अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसला येऊन स्थायिक झाले आणि फ्रेंच जिभेला जड जाणाऱ्या आडनावाला त्यांनी आपल्या मुलखाचे नाव जोडले. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावतात, काहीसा तसाच हा प्रकार. १८३२ साली दिजाँ येथे जन्मलेल्या आणि पुढे तो मनोरा उभारणाऱ्या गुस्ताव्ह यांची जन्मनोंदही ‘बोनिकहाउझेन ऊर्फ आयफेल’ अशीच आहे.

१८७०-७१च्या युद्धात प्रशिया या जर्मन राज्याने फ्रान्सचा पराभव केल्यानंतर मात्र जर्मन वळणाचे आडनाव या पूल बांधणाऱ्या अभियंत्याला अडचणीचे ठरू लागले. जन्मनोंदीतील आडनाव सोडून दुसरे वापरण्यास १७९४च्या कायद्याने मनाई असल्यामुळे त्यांना रीतसर परवानगी काढावी लागली आणि १८८०मध्ये ते अधिकृतपणे केवळ आयफेल झाले. गंमत म्हणजे, जर्मनपणा झाकण्यासाठी राखलेले हे नावही जर्मन डोंगरांचेच!