एका शब्दावर अडलेलं रसग्रहण

कला शिक्षक पदविकेला 'ग्रामीण जीवन' या विषयावरच्या एका चित्राचं रसग्रहण लिहायचं होतं. मी फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ सालचं चित्र घेतलं, शेतात वाकलेल्या तीन बायांचं. मूळ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. माझ्याकडे नागपुरात सीताबर्डीवर काढलेली रंगीत प्रिंट. रंग, रेषा, मांडणी हे रकाने दोन संध्याकाळी झाले.

अडलं 'चित्राचा विषय' या रकान्यात. मी लिहिलं, 'सरवा वेचणाऱ्या स्त्रिया'. सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या ओंब्या. वही परत आली. 'सरवा'भोवती लाल गोल आणि बाजूला शेरा: 'कापणी लिहा. बोली शब्द नको.'

समजावायला गेले तर "तास संपल्यावर या." तास संपला तर सर मीटिंगला. असे चार हेलपाटे, सतरा दिवस. सबमिशनची तारीख जवळ येत होती. मैत्रिणी म्हणत होत्या, लिहून टाक ना कापणी, काय बिघडतं?

बिघडतं. कापणी मागे चाललीय. तिथे ऊन आहे, गंज्या आहेत, भरलेली गाडी आहे, उजव्या कोपऱ्यात घोड्यावर मुकादम आहे. या तिघी त्यात नाहीत. पीक उचलून नेल्यावर जमिनीवर जी ओंबी राहते, ती वेचायची गरिबांना मुभा असायची. तेवढ्यासाठी त्या वाकल्यात. डोकीसुद्धा क्षितिजाच्या वर जवळपास येत नाहीत. कापणी म्हटलं की त्या मजूर होतात आणि तो घोडेस्वार नुसता शोभेला उरतो. पॅरिसच्या सधन लोकांना राजेशाही उलथवणारी १८४८ ची क्रांती अजून आठवत होती. चित्रातली ही गरिबी त्यांना उगाच नाही खटकली.

हे मला पुस्तकातून आधी कळलं नव्हतं. माझी आजी मौद्याकडची, धानाच्या पट्ट्यातली. प्रिंट बघताक्षणी म्हणाली, "हे त सरवा वेचून राहिल्या न वं!" मग मधलीच्या कमरेवर बोट ठेवलं. "ओचा भरला हाये पाय." त्या तिघींनी ॲप्रनच्या झोळ्या केल्यात, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. म्हणून सांगते, काही वाचायच्या आधी चित्र शेतात राबलेल्या माणसाला दाखवा. आणि मोबाइलवर बघू नका. तो घोडेस्वार मला प्रिंटवरच सापडला.

पाचव्या खेपेला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातल्या 'सरवा' या नोंदीची झेरॉक्स वहीला टाचून नेली. त्या कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७ चीच. सरांनी उभ्या उभ्या वाचलं, "बरं, राहू द्या" म्हणाले आणि सही केली.

हो, शेरा आला तरी ते पान फाडू नका. लाल गोलासकट ते माझ्या वहीत आहे. सही त्याच्याच खाली आहे.