खालून वर जाणारा बाण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. स्नेहसंमेलनाच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी जीवशास्त्राच्या तासाचं राहिलेलं अर्धं लिहितो. फळ्यावर आकृती निघायची: वर मेंदूतला हायपोथॅलॅमस, खाली पीयूषिका ग्रंथी, त्याखाली बीजांडकोश, आणि सगळे बाण खाली जाणारे. पेपराला तेवढं पुरायचं. सिन्नर-निफाडच्या गोठ्यात मात्र उलट्या बाणावाचून, म्हणजे बीजांडकोश वर मेंदूला काय कळवतो त्यावाचून, अडतं.

गाईचं ऋतुचक्र साधारण 21 दिवसांचं. हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडतो आणि दर ठोक्याला पीयूषिका एलएच, म्हणजे बीज सुटायला लावणारं संप्रेरक, सोडते. 1978 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नोबिल यांच्या गटाने माकडिणींवर दाखवलं, की तासाला एक ठोका दिला तर पीयूषिका चालते, तेच संप्रेरक सलग दिलं तर ती गप्प बसते. ठोके किती दाट पडायचे, हे बीजांडकोश ठरवतो. पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी बनणारी गाठ) शाबूत असेपर्यंत त्यातलं प्रोजेस्टेरॉन ते विरळ ठेवतं, तीन-चार तासांतून एखादा. गाय गाभण नसेल तर सोळा-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड जिरवतं आणि ठोके तासावर येतात.

इस्ट्रॅडिओल हे बीजांडकोशातलं इस्ट्रोजेन; त्याचं वागणं दुतोंडी. थोडं असलं की एलएच दाबतं; प्रोजेस्टेरॉन उतरल्यावर मोठ्या फॉलिकलमधून (बीज वाढवणाऱ्या पिशवीतून) भरपूर आणि तासन्‌तास येत राहिलं की तेच एलएचची लाट उठवतं. लाटेनंतर 24 ते 30 तासांनी बीज सुटतं, म्हणून सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी. फॉलिकल वाढवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाला मोठ्या फॉलिकलमधलं इनहिबिनही आवर घालतं. बाकीचे फॉलिकल त्यामुळे मागे पडतात आणि गाईला बहुधा एकच वासरू होतं.

सिस्टची गाय बघा. फॉलिकल अडीच सेंटिमीटरपर्यंत फुगलेला, इस्ट्रोजेन हवं तेवढं, तरी लाट येत नाही. हायपोथॅलॅमसने मधल्या काळात पुरेसं प्रोजेस्टेरॉन पाहिलेलं नसतं, त्यामुळे इस्ट्रोजेनची हाक त्याला ऐकूच येत नाही. योनीत प्रोजेस्टेरॉनचं साधन सात दिवस ठेवून काढलं की बऱ्याच गाई ताळ्यावर येतात. माजासाठी इस्ट्रोजेन टोचायची जुनी खोड इथे निरुपयोगी. कमतरता त्याची नसतेच.

वेळ बांधून रेतन करायचं तर बुसेरेलिन (जीएनआरएचसारखं औषध) 10 मायक्रोग्रॅम, सातव्या दिवशी क्लोप्रोस्टेनॉल (प्रोस्टाग्लँडिनसारखं औषध) 500 मायक्रोग्रॅम, त्यानंतर 56 तासांनी पुन्हा बुसेरेलिन आणि पुढे 16 तासांनी रेतन. दुसरं बुसेरेलिन म्हणजे आपण उठवलेली लाट. पहिल्या सुईने बीज सुटलं नाही तर पुढचा मेळ बिघडतो. पीतपिंड पाच दिवसांहून कोवळं असेल तर प्रोस्टाग्लँडिनला दाद देत नाही. अर्धवट जिरलं तर उरलेलं प्रोजेस्टेरॉन गर्भधारणा बुडवतं. जास्त दुधाच्या एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाईंचं यकृत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही भराभर निकाली काढतं, म्हणून त्यांचा माज तोकडा. दोष बहुतेकदा रेतन करणाऱ्यावर येतो, ते वेगळंच!

प्रोस्टाग्लँडिन देण्याआधी गाय गाभण नाही ना, हे हात घालून किंवा सोनोग्राफीने तपासा, नाहीतर गाभ पडतो. हातमोजे घाला. गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने ती बाटली हाताळू नये, औषध कातडीतूनही आत जातं.